काळोखातली सहा खोकी

धोंडूबाई चांदीपची. शाळा दुसरीपर्यंत, आणि दुसरीतही धड बसली नाही. लावणीचे दिवस आले की वर्ग रिकामा व्हायचा आणि मास्तर एकटेच फळ्याकडे बघत बसायचे. पण तिच्या उजव्या हाताच्या अंगठ्याने जे शिक्षण घेतलं ते कुठल्या कॉलेजात मिळत नाही. लहानपणी आईसमोर सूप घेऊन बसायची आणि गप्पा मारता मारता तांदळातले खडे वेचायची. डोळे आईच्या तोंडाकडे, बोटं सुपात. खडा आला की बोट आपसूक थांबायचं.

तोच अंगठा घेऊन एक्याण्णव साली ती वसई पूर्वेला शांताराम शेठच्या गाळ्यात कामाला लागली. गाळ्यात कुकरच्या रिंगा बनायच्या. झाकणाच्या आत काळं रबर बसवतो ना आपण, तेच. पुढे दोन प्रेस मशिनी, मागे लांबलचक टेबल, टेबलाभोवती स्टुलं आणि स्टुलांवर बाया. मशिनीतून निघालेल्या रिंगेच्या कडेला रबराची झालर राहते, ती कात्रीने उतरवायची. मग रिंग दोन्ही हातांत ताणून गोल फिरवायची आणि कुठे चीर आहे का ते तपासायचं.

आता तपासायचं कसं, हीच तर खरी गोम. काळ्या रबरावरची केसाएवढी चीर डोळ्याला दिसत नाही. ट्यूबलाइटखाली रबर चमकतं आणि डोळा फसतो. अंगठ्याला मात्र ती लागते. धोंडूबाईने हे पहिल्याच महिन्यात ओळखलं आणि पुढे जी नवी बाई येईल तिला पहिला धडा हाच दिला, की रिंगेकडे बघायचं नाही. दाराकडे बघ, छताकडे बघ, शेजारणीच्या कानातल्या कुड्या बघ, पण डोळे हातात आणू नकोस, नाहीतर अंगठा ऐकेनासा होतो. त्यामुळे त्या टेबलावर नवखी कोण आणि मुरलेली कोण हे लांबूनही कळायचं. नवखी बिचारी रिंगेत तोंड घालून बसलेली असायची. मुरलेली सगळ्या गाळ्याची खबर घेत असायची, आणि चिरलेली रिंग आली की हात जागच्या जागी अडायचा.

अशा वीसेक बाया धोंडूबाईने तयार केल्या. त्यांतली सगळ्यांत तरबेज सालोमी, सांडोरची. नवरा युजीन पाठीच्या दुखण्याने घरी बसला तेव्हापासून तिघांचं घर तिच्या पगारावर चालत होतं. सालोमीचा अंगठा माझ्याहून तिखट आहे, असं धोंडूबाई चारचौघींत बोलून दाखवायची. आपणहून दुसरीला मोठं म्हणणाऱ्या बाया किती असतात ते तुम्हीच सांगा.

दोन हजार पाच साली शेठना मधुमेहाने गाठलं आणि गाळा मुलाच्या हाती आला. मुलगा जितेश. अठ्ठावीस वर्षांचा, बोलायला गोड, कामाला वाघ. वाईट नव्हता हो. फक्त डोळ्यांना जे दिसत नाही ते जगात नाहीच, अशी त्याची समजूत होती. त्याने आल्या आल्या चार कॅमेरे बसवले. एक दारावर, दोन मशिनींवर, आणि चौथा बरोबर बायांच्या टेबलावर. दुसऱ्या दिवशी बाया वेणीत अबोली माळून आल्या. सालोमीने तर विचारलंसुद्धा, की फोटोची एक एक कॉपी घरी मिळणार का. जितेश हसला आणि केबिनमध्ये गेला.

त्याच आठवड्यात त्याने धोंडूबाईला आत बोलावलं. तिचे गुडघे स्टुलावर बसून बसून कामातून गेले होते, हे त्याने हेरलं होतं. तो म्हणाला की मावशी, आता तुम्ही केबिनमध्ये बसा. पाठ टेकायची खुर्ची, डोक्यावर पंखा, पगारात थोडी वाढ. काम एवढंच, की समोरच्या स्क्रीनवर टेबल दिसतं ते बघायचं. वहीत सगळ्यांची नावं आहेत. जी बाई काम करताना मान वर करेल, इकडेतिकडे बघेल, तिच्या नावापुढे एक रेघ मारायची.

धोंडूबाईला केवढा आनंद झाला म्हणून सांगू. चौदा वर्षांनी का होईना, काम कुणाला येतं आणि कुणाला नाही हे ओळखायची खूण मालकाला सापडली होती. जी बापाला कधी सुचली नाही ती युक्ती पोराने काढली. रेघा कशासाठी, हे तिने विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. दोघांनाही ते इतकं उघड वाटत होतं की त्यात विचारण्यासारखं काही नव्हतंच.

मग ती बसली पंख्याखाली. पहिल्या दिवशी तिने स्क्रीनवरच्या बायांना हात केला. कुणी उलटा हात केला नाही तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की आपल्याला त्या दिसतात, आपण त्यांना दिसत नाही. आवाज नव्हता. तोंडं हलायची, हसायची, आणि काय चाललंय ते कळायचं नाही. दुसऱ्या दिवशी एक बाई उठून भिंतीकडे तोंड करून ब्लाउजचं हूक नीट करायला लागली. त्या कोपऱ्यात आजवर कधी कुणाची नजर गेली नव्हती. धोंडूबाईने घाईघाईने आपलाच पदर काढून स्क्रीनवर टाकला. तिसऱ्या दिवशी सालोमीने पिशवीतून डॉक्टरचा कागद काढला, वाचला, परत घडी केली आणि डोळे पुसले. टेबलावर ती कुणाला काही बोलली नसावी. धोंडूबाईला कसंसंच झालं. शेजारणीच्या घरात कुडाच्या फटीतून डोकावल्यासारखं वाटलं. हे काही बरं नाही, एवढं तिच्या मनात आलं.

पण रेघा मात्र तिने हौसेने मारल्या. सालोमीच्या नावापुढची जागा बुधवारीच भरली, म्हणून खाली कागद चिकटवला. रीमा नावाची नवी पोर होती, ती रिंगेतून मान काढायला तयार नाही. आठवड्यात तिच्या जेमतेम चार रेघा. धोंडूबाईला तिची दया आली आणि शनिवारी सकाळी पदरच्या दोन घालून तिने त्या सहा केल्या.

शनिवारी दुपारी जितेशने सगळ्यांना टेबलापाशी उभं केलं आणि वही वाचायला घेतली. रीमा, सहा, व्हेरी गुड, असं तो म्हणाला तेव्हा धोंडूबाईला वाटलं पोरगा थट्टा करतोय. पुढची नावं वाचता वाचता त्याचा आवाज चढत गेला. शेवटी सालोमी. एकशे बारा. एका आठवड्यात एकशे बारा वेळा तुमचं लक्ष कामावर नव्हतं, तो म्हणाला. पुढच्या शनिवारपर्यंत सुधारलं नाही, तर पहिल्या तारखेपासून येऊ नका.

सालोमीने हळूच विचारलं, मोजलं कोणी.

"मावशींनी," जितेश म्हणाला. "कॅमेऱ्यात बघून."

सालोमी वळली. "रिंगेकडे बघू नकोस म्हणून तुम्हीच शिकवलंत, मावशी. आणि लिहिलंत पण तुम्हीच."

एवढंच बोलली. त्या दिवशी जेवताना धोंडूबाईच्या डब्यातली सुकटीची चटणी कुणी उचलली नाही. एरवी त्या चटणीवर उड्या पडायच्या.

बाया पांगल्यावर धोंडूबाई केबिनच्या दारात जाऊन उभी राहिली. "छोटे शेठ, रेघा मी मारल्या हे खरं. पन त्या शाबासकीच्या होत्या."

जितेशला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा हसू आलं. मैत्रिणीला वाचवायला तुम्ही काहीही सांगाल, तो म्हणाला. मग त्याने स्क्रीनवर मागचं रेकॉर्डिंग लावून दाखवलं. सालोमी दाराकडे बघत होती, कुणाशी तरी बोलत होती, आणि हातात रिंग फिरत होती.

"हे बघा. कॅमेरा खोटं बोलतो का, मावशी?"

"खोटं नाही बोलत. पन त्याला अंगठा कुठंय?"

हे त्याला पटण्यासारखं नव्हतं. उलट त्याने सोमवारपासून नवा नियम लावला. प्रत्येकीने नजर रिंगेवर ठेवायची. आणि आणखी एक, की रोज दोन ते चार लोडशेडिंग असतं, त्या वेळात टेबलाचं काम बंद. आधी बाया तेव्हाही तपासत बसायच्या. पण गाळ्याला खिडकी नाही, रस्त्याच्या धुळीपायी शटर अर्धं खाली ओढलेलं, त्यामुळे भर दुपारी मागे मिट्ट काळोख. त्यात कॅमेऱ्याला काही दिसायचं नाही, आणि कॅमेऱ्याला न दिसलेलं काम जितेशला नको होतं. ती वेळ संध्याकाळी भरून काढायची. शिवाय प्रत्येक खोक्यावर दिवस आणि वेळ लिहिलेली चिठ्ठी लावायची, म्हणजे रेकॉर्डिंगशी ताडून बघता येईल.

सोमवारी सकाळी धोंडूबाईने वही त्याच्या टेबलावर ठेवली, वर पेन ठेवलं.

"खुर्ची नको, पंखा नको, वाढ नको. ज्यांच्यात बसून जेवायचं त्यांच्यावर आडून रेघा मारनं मला जमनार नाही. मला काय दिसलं ते मी त्यांच्या तोंडावर सांगीन. तुम्हालाबी त्यांच्यासमोरच सांगीन."

जितेश म्हणाला, तुमची मर्जी. आणि वही स्वतःकडे ओढून स्क्रीनसमोर बसला.

धोंडूबाई आपल्या जुन्या स्टुलावर आली. सालोमीने आपलं स्टूल हातभर लांब सरकवलं. सगळ्या माना खाली. इतकी शांतता की मशिनीची हवा सुटल्याचा आवाज शेवटच्या स्टुलापर्यंत येत होता. तासाभरात डोळ्यांना पाणी सुटायला लागलं. धोंडूबाईचाही अंगठा मुका झाला. एका बैलाला दोघांनी दोन बाजूंना हाकावं तसं झालं, डोळे म्हणतात इथे बघ, अंगठा म्हणतो तिथे. रिंगा खोक्यात पडत होत्या, पण चांगल्या की वाईट हे तिला शपथेवर सांगता आलं नसतं.

दोनला लाइट गेली. मशिनी थांबल्या. केबिनमधला कॉम्प्युटर तेवढा इन्व्हर्टरवर चालू राहिला आणि काळोखाकडे टक लावून बसला. बायांनी नियमाप्रमाणे हात मांडीवर घेतले. धोंडूबाईने चाचपडत ढिगातली एक रिंग उचलली, ताणली, फिरवली. अंगठा अडला. चीर. तिने ती बाजूला टाकली आणि दुसरी घेतली.

"चला ग बायांनो," ती म्हणाली. "आता कोनी बघत नाही. आता नीट काम करू."

कुणीतरी कुजबुजलं की ओरडा बसेल. धोंडूबाई म्हणाली, बसला तर मला बसेल, माझी पाठ रुंद आहे. एकेक करून हात चालू झाले. हात चालू झाले तशी तोंडंही सुटली. कुणाची सासू, कुणाच्या वाडीतली केळी, कुणाच्या पोराची दहावी, सगळं बाहेर आलं. सालोमी बोलत नव्हती. पण रिंग ताणल्याचा चटचट आवाज तिच्या बाजूने सगळ्यांत भराभर येत होता.

बॅटरी घेऊन जितेश बाहेर आला. लाइट नाही, काम बंद सांगितलंय, आणि तुम्हाला काळोखात दिसतंय तरी काय, असं त्याने विचारलं.

"काही दिसत नाही," धोंडूबाई म्हणाली. "म्हनून तर बरं चाललंय."

तो चिडला. ही खोकी मी बाहेर पाठवणार नाही, म्हणाला. मग धोंडूबाई उठली. गुडघा धरून उठली, पण उठली.

"नका पाठवू. वेगळी ठेवा. तुमची वेळेची चिठ्ठी लावा. गुरुवारपर्यंत रोजची ही दोन तासांची खोकी वेगळी. शुक्रवारी मोठे शेठ कुकर लावून बघतात. काळोखातली एक रिंग जरी गळली, तर सालोमीसंगट मीबी घरी जाते. नाही गळली, तर सालोमी राहील आनि टेबलावरचा कॅमेरा तोंड फिरवील."

"माझी नोकरी पणाला लावायची तर आधी मला विचारा, मावशी," काळोखातून सालोमीचा आवाज आला.

चूक धोंडूबाईच्या ध्यानात आली. आठवड्यात दुसऱ्यांदा तीच चूक. "विचारते," ती म्हणाली. "लावू?"

सालोमीच्या हातातली रिंग पुरी फिरून खोक्यात पडल्याचा आवाज आला.

"लावा."

जितेशला ही पैज आवडली असणार. काळोखात तपासलेला माल गळणार याबद्दल त्याला शंकाच नव्हती. तो हो म्हणाला. चार दिवसांत काळोखातली सहा खोकी भरली.

शुक्रवारची चाचणी ही त्या गाळ्याची जुनी रीत. शांताराम शेठ आजारी असोत नाहीतर बरे, शुक्रवारी यायचेच. शटरजवळ तीन शेगड्या, तीन जुने कुकर, प्रत्येकात पेलाभर पाणी. दर खोक्यातून हाताला येतील त्या तीन रिंगा काढायच्या आणि झाकणाला लावून बघायच्या. रिंग चांगली असेल तर शिट्टी होते. चिरलेली असेल तर शिट्टीआधीच कडेने वाफ फुसफुसते. महिन्यात एखादी फुसफुसली तरी शेठना दिवसभर जेवण गोड लागायचं नाही. या वेळी जितेशने त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. नुसती बारा खोकी समोर मांडली, सहा उजेडातली, सहा काळोखातली.

आधी उजेडातली लागली. दुसऱ्याच रिंगेची कड फुसफुसली. मग पाचवीची. शेठनी भुवया वर केल्या. अठरा रिंगांत चार गळल्या, तेव्हा त्यांनी शेगडी बारीक करून मुलाकडे बघितलं. जितेश खाली बघत होता. पुढची खोकी घ्या, एवढंच म्हणाला.

बाया टेबल सोडून शटरपाशी गोळा झाल्या होत्या. मशिनवाले थांबले होते. पहिली शिट्टी झाली. दुसरी, तिसरी. दहा झाल्या तशी रीमा मोठ्याने मोजायला लागली. सोळा झाल्या. सतराव्या रिंगेला झाकणाच्या कडेवर पाण्याचा थेंब दिसला आणि सालोमीने गळ्यातल्या क्रूसाला हात लावला. थेंब तिथेच थरथरत राहिला. शेठ वाकून बघायला लागले. धोंडूबाई मात्र बघत नव्हती. ती रस्त्यावरून जाणारा टेम्पो बघत होती. थेंब सुकला. झाकण धुतल्याचं पाणी होतं ते. आणि मग शिट्टी अशी झाली की शेजारच्या गाळ्यातला माणूस डोकावून गेला. अठराव्या शिट्टीची कुणी वाटच बघितली नाही. ती झाली तेव्हा बाया एकमेकींच्या गळ्यात पडल्या होत्या.

शेठनी खोक्यांवरच्या चिठ्ठ्या वाचल्या. दोन ते चार, दोन ते चार. या वेळात तर लाइट नसते, ते म्हणाले. मग जितेशने सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, हे त्याचं चांगलंच म्हणायचं. शेठनी खोक्यातली एक रिंग उचलली आणि रस्त्याकडे बघत बघत हातात फिरवली.

"सुरुवातीला मी एकटाच तपासायचो," ते म्हणाले. "रेडिओ ऐकत. हे तुला सांगायचं राहूनच गेलं." मग रिंग खोक्यात ठेवून म्हणाले, "जितेश, तू बायांकडे बघत होतास. तेवढा वेळ रिंगांकडे कोण बघत होतं?"

जितेश सालोमीसमोर येऊन उभा राहिला. सगळ्यांसमोर रागावला होता, सगळ्यांसमोरच बोलला. "चूक माझी, सालोमीताई. तुमची जागा तुमचीच आहे."

"अर्धी त्यांची," धोंडूबाई म्हणाली. "अर्धी माझी. कशाला ते न विचारता मी लिहीत बसले."

सालोमीने तिच्याकडे बघितलं. "राग अजून आहे, मावशी. अर्धा गेलाय. बाकीचा सोमवारपर्यंत जाईल."

"सोमवारी सुकट आनते," धोंडूबाई म्हणाली.

मग ती जितेशकडे वळली. कॅमेऱ्यांशी तिचं वैर नव्हतं. दारावरचा असू दे, चोर काय सांगून येत नाहीत. मशिनींवरचेही असू देत, मागच्या वर्षी प्रेसमध्ये एकाची बोटं थोडक्यात वाचली होती, तिथे नजर हवीच. पण टेबलावरचा नको. आणि केबिनमधली ती स्क्रीन काचेतून बाहेरच्या बाजूला वळवा. आम्ही जे तुम्हाला दिसतो ते आम्हालाबी दिसू दे. शेठनी होकाराची मान हलवली. पुढे सात वर्षं धोंडूबाई त्या गाळ्यात होती, आणि त्या सात वर्षांत कुणाचीही वही लिहायची झाली तर आधी त्या बाईला बोलावून, का आणि कशासाठी ते सांगायचं, हा नियम राहिला. तो तिने त्याच दिवशी मागून घेतला.

जितेशने आधी स्क्रीन वळवली. मग तो स्वतः स्टुलावर चढला आणि टेबलावरचा कॅमेरा फिरवायला लागला. स्टूल डगमगत होतं म्हणून सालोमीने दोन्ही हातांनी घट्ट धरलं. बाया काचेसमोर उभ्या राहून स्क्रीनवर बघत त्याला सांगत होत्या, अजून डावीकडे, अहो तुमच्या डावीकडे, झालं नाही, आमचं टेबल दिसतंय अजून. एक स्क्रू हातातून निसटून शर्टाच्या खिशात पडला आणि तो काढायला जितेशने मान खाली घातली. स्क्रीनभर त्याचं डोकं आलं, अगदी मधोमध.

काचेपाशी एकदम हसू फुटलं. सालोमीने स्टूल न सोडता मान वळवून बघितलं.

"छोटे शेठ," ती म्हणाली, "वरून बरंच विरळ झालंय हो. तेल लावत जा."

शेठ हसले, मशिनवाले हसले, आणि स्टुलावर उभा जितेश डोक्यावर हात ठेवून, कान लाल करून, सगळ्यांच्या देखत हसला.